चौतीस इंची पंखा

रविवार, ४ जून

उन्हाळ्यात रविवारी शेवंडांचे पिंजरे उचलायला कायद्यानं बंदी. त्यामुळं विचार करायला वेळ मिळाला. मी विचार करायला बसलो की काहीतरी घडतंच. आर्डिस म्हणते, तीच तर भीती आहे.

निश्चय: तीस जुलैच्या बोटींच्या शर्यतीत मेव्हण्याला धूळ चारायची.

मेव्हणा म्हणजे फॉस्टर, आर्डिसचा धाकटा भाऊ. त्याची बोट माझ्याच मापाची, इंजिनही तेवढंच. तरी सलग चार वर्षं तो पहिला आणि मी दुसरा. गेल्या वर्षी धक्क्यावर सगळ्यांदेखत मला म्हणाला, दाजी, पुढच्या खेपेला दोर टाकतो, धरून या मागनं. लोक हसले. मीही हसलो. मोठ्या मनाचा माणूस आहे मी.

जेवताना आर्डिसनं अट घातली. सव्वीस वर्षं ती माझ्या बोटीवर मागं उभी राहून आमिषाच्या पिशव्यांत हेरिंग मासे भरते. लायसन्स तिच्याकडंही आहे. म्हणाली, याही वर्षी हरलास तर सुकाणू माझं आणि आमिषाचं पिंप तुझं, कायमचं. मी ताबडतोब हो म्हटलं. बिचारी! हातात सुकाणू येण्याची वाट बघत म्हातारी होणार.

मंगळवार, ६ जून. दुपार.

सापडलं! दोष बोटीचा नाही, माझा तर नाहीच नाही. दोष बोटीखालच्या पंख्याचा.

आपला पंखा अठ्ठावीस पिचचा. म्हणजे लाकडात स्क्रू फिरवला की एका फेऱ्यात जेवढा आत जातो ना, तसा हा एका फेऱ्यात पाण्यातून अठ्ठावीस इंच पुढं जातो. बरं. मग चौतीस पिचचा बसवला तर? दर फेऱ्याला सहा इंच जास्त! फुकट! पंख्याच्या दंडाचे, म्हणजे इंजिनाचे गिअरमधून कमी होऊन, मिनिटाला अकराशे फेरे. गुणाकार केला, दोनदा केला. एकतीस नॉट येतात. सध्या आपली बोट वीसला धापा टाकते.

इतकी वर्षं हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? डोकं लागतं.

आर्डिसनं कागद पाहिला. म्हणाली, याच हिशेबानं आत्ताचा पंखा पंचवीस नॉट द्यायला हवा, वीसच का देतो? वरचे पाच कुठं जातात? मी म्हटलं, जातात कुठंतरी. बारीकसारीक गोष्टीत अडकून पडलं की मोठी कामं होत नाहीत.

शनिवार, १० जून

नदीकाठच्या वायलाच्या दुकानात गेलो होतो. पंखे ठोकणं, वाकवणं, घासणं हा तिचा धंदा. बाई तोंडाळ आहे. आत शिरल्याबरोबर म्हणाली, डेल्मर पिंकम, या वर्षी काय मोडलंस?

मी चौतीस मागितला. तिनं विचारलं, पूर्ण ताकद दिली की इंजिनाचे फेरे किती भरतात? म्हटलं, दोन हजार पन्नास. म्हणाली, कंपनी म्हणते तेवीसशे भरायला हवेत. म्हणजे आत्ताच तू इंजिनाच्या डोक्यावर ओझं टाकलंयस. पिच वाढवू नको, दोन इंच उतरव. सव्वीस कर. फेरे पूर्ण भरतील आणि बोट पळेल.

वेग हवाय, तर कमी करा म्हणे! मला हसूच आवरेना. तर वर म्हणते, पाणी म्हणजे लाकूड नव्हे बाबा, स्क्रू त्यात घसरतो. आणि चढावर सायकल सगळ्यात जड गिअरला टाकून कुणी शर्यत मारलीय का? मी सांगितलं, मी सायकल चालवत नाही.

चौतीस घेतलाच. पितळी, चार पात्यांचा, नवाकोरा. जुना मोडीत घे म्हटलं तर नको म्हणाली, म्हणे तुला लागेल. उतरवला की आर्डिसच्या घेवड्याच्या वाफ्यात टाकणार. तेवढीच शोभा.

रविवार, १८ जून

पंखा बसवला.

सकाळच्या भरतीला बोट धक्क्याला बांधली. ओहोटीला पाणी उतरलं, बोट चिखलावर टेकली, पंखा उघडा पडला. आमच्याकडं असंच करतात. फक्त पाणी परत यायच्या आत उरकायचं. मी तासाभराचं काम धरलं होतं.

जुन्या पंख्याचा नट हलेना. हलला तेव्हा एकदम हलला आणि चिखलात गेला. फॉस्टर धक्क्यावर उभा राहून डोनट खात होता. वरून सूचना. दाजी, डावीकडं बघा. दाजी, तो नट नाही, शिंपला आहे. तोवर भरती लागली. शेवटचा आटा पिळला तेव्हा पाणी छातीपर्यंत होतं. आमच्या किनाऱ्याचं पाणी जूनमध्येही दात वाजवतं.

पण बसला! जुना घरी आणून वाफ्यात टाकला. बसवण्याआधी पंख्याच्या बुंध्यावर मागच्या बाजूनं लाल रंगाचं कडं ओढलं होतं. वायलाच्या दुकानात ठोकलेला चौतीसचा आकडा त्याच्या बरोब्बर मधोमध. पाण्याखाली कुणाला दिसणार नाही, हे खरं. मला माहीत आहे, तेवढं बास.

सोमवार, १९ जून

पहिली फेरी. गिअर टाकल्याबरोबर बोटीनं अशी उडी घेतली की काय सांगू! ताकद, दुसरं काय. आर्डिस मागं आमिषाच्या पिंपात बसली. म्हणजे बसायची नव्हती, पण बसली. त्यानंतर ती जे बोलली ते इथं लिहीत नाही.

पूर्ण ताकद दिली. इंजिनाचे फेरे सतराशे पन्नासच. उत्तम! कमी फिरून जास्त काम, म्हणजे इंजिनाला विश्रांती. मागं काळा धूर. आतली जुनी घाण बाहेर पडतेय. वेग अठरा नॉट.

अठरा. वेग दाखवणारं यंत्र जुनं झालंय. शिवाय ओहोटी उलटी होती. आर्डिस म्हणते, ओहोटी आपल्या बाजूनं होती. पिंपात बसून कळतं का ते?

शुक्रवार, २३ जून

एक किरकोळ अडचण. गिअर टाकला की इंजिन मंद असतानाही बोट पळते. पिंजऱ्याच्या बोयाजवळ जाऊन हळूच थांबायचं आणि आर्डिसनं आकडीनं दोर उचलायचा, ही आपली पद्धत. आता ती आकडी पुढं करते तोवर बोया मागं गेलेला. आज निम्मे बोये हुकले. प्रत्येकाला प्रदक्षिणा. मग गिअर टाक, काढ, टाक, काढ. माझं मनगट सुजलं.

आर्डिसनं विचारलं, हे असं दिवसभर चालायचं? मी म्हटलं, अगं, बोट थांबत नाही हाच तर वेग वाढल्याचा पुरावा! ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. कौतुकानं असावं.

बुधवार, ५ जुलै

इंजिन तापल्याचा भोंगा दिवसभर बोंबलत होता. डोकं उठलं. वायर काढून टाकली. आता शांत आहे.

संध्याकाळी धक्क्याला लागताना फॉस्टरच्या लहान होडीला जरासा धक्का. जरासाच. फळी एकच गेली. तो म्हणाला, दाजी, शर्यत तीस तारखेला आहे, आत्तापासूनच धडका कशाला? मी फळी बदलून देतो म्हटलं. कधी ते नाही म्हटलं.

निश्चय: उद्यापासून धक्क्याला येताना लांबूनच गिअर काढायचा.

गुरुवार, ६ जुलै

फार लांबून काढला. शेवटी वल्ही मारली.

शनिवार, १५ जुलै

आज बेटाजवळून येताना फॉस्टर बाजूनं पुढं गेला. त्याच्या बोटीवर पिंजऱ्यांची ही थप्पी, हातात कॉफीचा मग, आणि एका हातानं सुकाणू. माझी बोट रिकामी, पूर्ण ताकद. त्यानं मग उंचावला. मीही हात केला.

मी मुद्दाम हळू चालवत होतो. डावपेच आहेत. आर्डिसला ते कळलं नसावं, कारण तिनं विचारलं, ताकदीची दांडी पूर्ण पुढं असताना मुद्दाम हळू कसं चालवतात?

मंगळवार, १८ जुलै

भांडण झालं. आर्डिस सरळ म्हणाली, काढ तो पंखा. इंजिन मरेल. मी म्हटलं, तुला तर मी हरायलाच हवाय, सुकाणूवर डोळा आहे तुझा. म्हणून पंखा काढायला सांगतेस.

तिनं हात पुसले. मग म्हणाली, डेल्मर, बोटीच्या पाठीवर नाव माझं आहे. ‘आर्डिस पी.’ अशी ही मोठाली अक्षरं. तुझा धूर बघून दुकानातल्या बायका मला विचारतात, तब्येत बरी आहे ना गं?

हे मात्र जरा लागलं. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

खरं कारण मला कळून चुकलंय: वजन. पंखा कसला भारी आहे, बोटच जड झालीय. निश्चय: अनावश्यक सगळं बाहेर. जादा नांगर, औजारांची पेटी, आर्डिसचा रेडिओ, आणि केबिनमधली बिडाची शेगडी. शेगडी एकट्यानं उचलेन. मदत मागायला मी काय म्हातारा झालोय?

बुधवार, १९ जुलै

अंथरुणात. पाठ. शेगडी बाहेर आली, पण तिच्याबरोबर पाठीतलंही काहीतरी बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस हलायचं नाही.

म्हणजे बरोब्बर शर्यतीच्या आदल्या दिवसापर्यंत. नशीब माझ्या बाजूनं आहे.

शनिवार, २२ जुलै

आर्डिस पिंजरे उचलायला स्वतः बोट घेऊन जाते. मदतीला फॉस्टर. त्याला माझी दया आली असावी, किंवा लाज वाटली असावी.

खिडकीतून वाफा दिसतो. जुना पंखा तिथं नाही. आर्डिसला विचारलं तर म्हणाली, गाडीत टाकून नेला. भंगारात दिला असणार. चांगलं केलं. मागासलेली वस्तू.

सोमवार, २४ जुलै

काल रविवार, तरी आर्डिस आणि फॉस्टर दिवसभर धक्क्यावर होते. संध्याकाळी चिखलात बरबटून आली. शिंपले खणायला गेला होतात का म्हटलं, तर हो म्हणाली. जेवायला शिंपले नव्हते. सोसेजच होते.

आज बघतो तर पंखा पुन्हा वाफ्यात. पालथा. भंगारवाल्यालाही नको झाला वाटतं. अठ्ठावीस पिचला या जगात किंमत नाही.

गुरुवार, २७ जुलै

आर्डिस लवकर येते हल्ली. पिंजरे सगळे उचलून, दुपारच्या आत. विचारलं, बोट कशी चालते? म्हणाली, छान. मी म्हटलं, बघितलंस? नवा पितळी पंखा रुळायला वेळ घेतो, जोड्यासारखा. ती हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथं तिला बराच वेळ खोकला आला.

शनिवार, २९ जुलै

उठून बसलो. चाललो. उद्या शर्यत.

ही वही मी सोडून कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.  हरलो तर? सव्वीस वर्षं सुकाणूपाशी उभा आहे मी. मला दुसरं काही येत नाही. मागं उभं राहून पिशव्यांत मासे कोंबतोय, बंदरातली सगळी माणसं बघतायत, असं दिसत राहिलं. बोटांना हेरिंगचा वासही आला. दोनदा साबण लावला.

छे! एकतीस नॉट.

रविवार, ३० जुलै

जिंकलो!!!

सकाळी धक्क्यावर नुसती जत्रा. ‘आर्डिस पी.’ पाण्यावर कशी ऐटीत उभी. गिअर टाकला, उडी नाही, झटका नाही. पंखा शहाणा झाला. मी म्हणत नव्हतो?

बंदुकीचा बार झाला. दांडी पूर्ण पुढं. फेरे तेवीसशे! सतराशे पन्नासवरून थेट तेवीसशे! धूर म्हणावा तर सुतभर नाही. इंजिन गात होतं. अर्ध्या अंतरापर्यंत फॉस्टर बरोबरीला, मग मागं, मग आणखी मागं. मी ओरडत होतो, मागं आर्डिस ओरडत होती. शेवटच्या बोयापाशी मी अर्ध्या बोटीनं पुढं. वेग जेमतेम साडेएकवीस दाखवला, पण ते यंत्र मोडकंच आहे. एकतीस होता. मला आतून जाणवला.

आर्डिसनं सगळ्यांसमोर मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सुकाणू गेलं म्हणून असेल. मला खरंच वाईट वाटलं तिच्यासाठी. म्हटलं, पुढच्या जन्मी.

संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण. मला बोलायला सांगितलं. म्हणजे मीच उठलो. पिचवर पाऊण तास बोललो. स्क्रू, लाकूड, सहा इंच, सगळं फोड करून सांगितलं. वायलाही आली होती. तिला तर नावानिशी सांगितलं, बाई, उमेद सोडू नका, शिकायला वय नसतं. ती टेबलावर डोकं टेकून हुंदके देत होती. इतकं मनावर घेईल असं वाटलं नव्हतं.

फॉस्टरनं सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. मग उभा राहून म्हणाला, दाजी, तुमचा तो जुना, हरणारा पंखा या भिंतीवर टांगा, पुढच्या पिढीला धडा म्हणून. हॉल दणाणून गेला. मी म्हटलं, उद्याच आणतो! त्यानं लगेच हातोडी मागवून खिळासुद्धा ठोकला. हरलेल्या माणसानं एवढा दिलदारपणा दाखवावा! मी त्याला चुकीचं समजलो होतो.

सोमवार, ३१ जुलै

सकाळी वाफ्यातला पंखा आणायला गेलो. घेवड्याचा वेल त्याच्यावर चढला होता, तो सोडवला. हॉलमध्ये टांगायचा म्हणून सुलटा केला.

बुंध्यावर लाल कडं. मधोमध ठोकलेला आकडा. चौतीस.

खाली बसलो. वाफ्यातच. पाठीचं कारण नव्हतं.

आर्डिस कॉफीचा मग घेऊन बाहेर आली. मी काही विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. जुना पंखा वायलाकडं नेला. वायलानं ठोकून सव्वीस पिचचा करून दिला. त्या रविवारी ओहोटीला आर्डिसनं आणि फॉस्टरनं चिखलात उतरून तो बसवला. बंदरातल्या सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना. पाऊण तास.

म्हटलं, फॉस्टर कसा तयार झाला? म्हणाली, कुरकुरला, पण मी त्याची मोठी बहीण आहे. काल जाताना तो तिला म्हणाला म्हणे, मी ताईकडून हरलोय, दाजींकडून नाही, त्यामुळं झोप लागेल.

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. अगं, नुसती गप्प बसली असतीस तर मी हरलोच असतो. सुकाणू तुझंच होतं. का केलंस?

म्हणाली, तू हरणार म्हणजे माझ्या नावाची बोट हरणार, धूर ओकत, सगळ्या गावासमोर. तसं मिळालेलं सुकाणू काय डोक्यावर घेऊन नाचू? आणि तू महिनाभर तोंड पाडून बसला असतास ते वेगळंच. कॉफी घे, निवतेय.

घेतली. गार झाली होती.  मला रडू येत होतं, ते तिनं बघितलं आणि घेवड्याकडं वळली.

दुपारी पंखा हॉलवर नेला. शब्द दिला होता. कुणी नव्हतं, बरं झालं. लाल कडं भिंतीकडं करून टांगणार होतो. मग बाहेरच्या बाजूला केलं.

मंगळवार, १ ऑगस्ट

पहाटे धक्क्यावर गेलो आणि सुकाणूपाशी न जाता मागं जाऊन उभा राहिलो. आर्डिसनं विचारलं, हे काय? म्हटलं, पाठ अजून अवघडते, काही दिवस मागंच उभा राहतो म्हणतो. तात्पुरतं. ती म्हणाली, आमिषाचं पिंप उचलताना पाठ अवघडत नाही का? म्हटलं, तो वेगळा भाग आहे पाठीचा.

तिनं बोट सोडली. प्रत्येक बोयापाशी अलगद नेते, हात पुढं केला की दोर हातात. हे तिला कुणी शिकवलं देव जाणे. मी तर नाही.

पिशव्यांत हेरिंग भरायला माझा वेग कमी पडतोय. दोनदा ओरडली, डेल्मर, हात चालव! फॉस्टर बाजूनं गेला, त्यानं दोर उंचावून दाखवला. मी हात केला. हातात मासा होता.

परतताना म्हटलं, धक्क्यापर्यंत मी नेऊ का? म्हणाली, आधी पिंप धू.

धुतलं. ते होईपर्यंत धक्का आला होता.